कै. जगन्नाथ शंकरशेट व मुंबईंतील विद्यादान

कोणत्याही शाळेचें वार्षिक हातीं घेतलें कीं त्यांत दोन गोष्टी हटकून सांपडतात. मुख्याध्यापकांच्या अहवालांत सरकारी ग्रँटीचा आंकडा असतो, आणि बक्षिसांच्या व शिष्यवृत्तींच्या यादींत दात्यांचीं नांवें असतात. विद्यार्थी हीं पानें उलटून पुढें जातात. पालक वाचतात, पण तेंही बहुधा पुढील वर्षीं फी वाढणार कीं काय हें अजमावण्यापुरतें. सरकार व धनिक यांच्या दोन थैल्या एकत्र येऊन शाळा चालतात, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, ती केव्हां व कोणीं सुरू केली हें विचारण्याचें आपणांस सुचत नाहीं. मुंबई इलाख्यापुरता या प्रश्नाचा माग काढूं लागल्यास वाट फिरून फिरून एकाच घराशीं येते. तें घर जगन्नाथ शंकरशेट यांचें. ग्रँट रोड स्टेशनाजवळ ज्या चौकांतून रोज हजारों माणसें जातात त्या नाना चौकास यांचेंच नांव आहे. नाना म्हणजे मुंबईचे एक मोठे शेट व आगगाडीच्या उद्योगांतील पुढारी इतकें पुष्कळांस ठाऊक असतें. आम्ही येथें त्यांच्या चरित्राचा जो भाग सांगणार आहों त्याचा संबंध रुळांपेक्षां पाटी-पेन्सिलीशीं अधिक आहे.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजीं ठाणें जिल्ह्यांतील मुरबाड येथें झाला. घराणें दैवज्ञ ब्राह्मणांचें, आडनांव मुरकुटे. आजोबा बाबुलशेट घोडबंदरहून मुंबईस येऊन राहिले, आणि वडील शंकरशेट यांनीं व्यापारांत अपार संपत्ति मिळविली. त्या काळीं मुंबईंत हिंदु मुलांस इंग्रजी शिकण्याची धड सोय नव्हती; म्हणून वडिलांनीं घरींच शिक्षक ठेवून मुलास इंग्रजी शिकविलें, आणि संस्कृताचेंही वळण लाविलें. सन १८२२ सालीं वडील वारले. त्या वेळीं नाना अवघे एकोणीस वर्षांचे होते. एवढ्या वयांत एवढा पैसा हातीं आला म्हणजे माणसाचें काय होतें याचे दाखले कोणत्याही शहरांत शोधावे लागत नाहींत. नानांच्या बाबतींत मात्र त्याच वर्षीं मुंबईंत एक नवी संस्था जन्मास आली, आणि या तरुण शेटाचें मन तिच्याकडे ओढलें गेलें.

ती संस्था कोणती हें सांगण्यापूर्वीं त्या काळचा थोडा विचार केला पाहिजे. पेशवाई १८१८ सालीं बुडाली. दुसऱ्या वर्षीं मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर झाले. प्रजेच्या शिक्षणासाठीं राज्यकर्त्यांनीं पैसा खर्च करावा ही कल्पनाच कंपनी सरकारास नवी होती. विलायतच्या पार्लमेंटनें १८१३ सालच्या कायद्यानें साऱ्या हिंदुस्थानच्या विद्यावृद्धीसाठीं वर्षास एक लाख रुपये राखून ठेवावयास सांगितले होते; पण तेही पुष्कळ वर्षें धड खर्चीं पडले नाहींत. गांवोगांवीं पंतोजींच्या शाळा होत्या. त्यांत मुलें धूळपाटीवर अक्षरें गिरवीत, मोडी शिकत, उजळणी व हिशेब तोंडपाठ करीत. छापील पुस्तक बहुतेक मुलांनीं डोळ्यांनीं पाहिलेंही नव्हतें. मुंबईंत १८१३ सालीं आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनीं मराठी शाळा काढण्यास आरंभ केला होता. परंतु तें काम त्यांच्या स्वतःच्या निधीवर चाले, व आपल्या मुलांस तेथें पाठवावें कीं नाहीं याविषयीं लोकांच्या मनांत धर्माची शंका असे.

अशा स्थितींत १८२२ सालीं मुंबईंत देशी लोकांसाठीं शाळा काढणारी व शाळांसाठीं पुस्तकें छापणारी एक मंडळी स्वतंत्रपणें उभी राहिली. पुढें १८२७ सालीं तिचें नांव बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी असें झालें. एल्फिन्स्टनसाहेब तिचे अध्यक्ष होते, आणि कमिटींत युरोपियन व एतद्देशीय असे दोन्ही प्रकारचे सभासद एका टेबलाशीं बसत. पैशाची व्यवस्थाही तशीच दुहेरी होती. सभासदांनीं वर्गणी द्यावी, श्रीमंतांनीं देणग्या द्याव्या, आणि सरकारनें ठराविक मदत द्यावी व पुस्तकांच्या छपाईचा भार उचलावा. शाळांत कोणत्याही धर्माचें शिक्षण द्यावयाचें नाहीं असें आरंभींच ठरलें, आणि त्यामुळें हिंदु, पारशी व मुसलमान सर्वच मुलांचा मार्ग मोकळा झाला.

या सोसायटीचें खरें काम म्हणजे पुस्तकें. आज पाठ्यपुस्तक फाडून त्याच्या होड्या करणाऱ्या मुलांस ही गोष्ट पटावयाची नाहीं. परंतु त्या वेळीं मराठींत गणिताचें किंवा भूगोलाचें छापील पुस्तक मिळणें म्हणजे नवलच होतें. सोसायटीचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे इंजिनियर होते. त्यांनीं शास्त्रीमंडळींस हाताशीं धरून गणिताचीं पुस्तकें मराठींत आणलीं, आणि मराठी व गुजराथी भाषांतून शिकविणारी एक इंजिनियरिंगची शाळाही चालविली. देशी चिटणीस सदाशिव काशिनाथ छत्रे यांनीं मुलांसाठीं बाळमित्र व इसापनीतीच्या गोष्टी मराठींत लिहिल्या. त्यांच्या मागून बाळशास्त्री जांभेकर त्या जागीं आले. सोसायटीनें शिकवून तयार केलेल्या शिक्षकांची पहिली तुकडी १८२६ सालीं जिल्ह्यांच्या गांवीं रवाना झाली. पैसा सरकारचा व शेटसावकारांचा, कष्ट शास्त्र्यांचे व साहेबांचे, आणि भाषा लोकांची, असा तो मेळ होता. नाना या कमिटींत बसूं लागले तेव्हां विशीच्या उंबरठ्यावर होते. पुढें आयुष्यभर ज्या मतासाठीं ते भांडले त्याचें बीज येथेंच पडलें असावें, असा आमचा तर्क आहे. मराठींतून गणित शिकवितां येतें हें त्यांनीं कोणाकडून ऐकलें नव्हतें. तें त्यांनीं आपल्या डोळ्यांदेखत होतांना पाहिलें होतें.

सन १८२७ सालीं एल्फिन्स्टन नोकरी संपवून विलायतेस जावयास निघाले. मुंबईच्या लोकांचें त्यांच्यावर प्रेम होतें. मोठ्या साहेबास निरोप देतांना मानपत्र, मेजवानी, फार तर तसबीर, हा रिवाज सर्वांस ठाऊक आहे. मुंबईच्या लोकांनीं याहून निराळा बेत केला. त्यांनीं वर्गणी जमवून असें ठरविलें कीं, या पैशाच्या व्याजांतून युरोपांतील भाषा, शास्त्रें व कला शिकविणारे अध्यापक नेमावे, आणि त्यांच्या जागांस एल्फिन्स्टन यांचें नांव द्यावें. सव्वादोन लाखांहून अधिक रुपये जमले. त्या काळच्या रुपयाची किंमत ध्यानांत घेतां हा आंकडा छाती दडपविणारा आहे. नाना या कामांत पुढाऱ्यांपैकीं होते.

पैसा जमला, तरी अध्यापक येण्यास आठ वर्षें लागलीं! विलायतच्या डायरेक्टरांची मंजुरी, गलबतांनीं जाणारीं-येणारीं पत्रें, अटींचा काथ्याकूट, यांत काळ गेला. अखेर १८३५ सालीं ऑर्लेबार व हार्कनेस हे दोन अध्यापक मुंबईस उतरले, आणि दुसऱ्या वर्षीं टाऊन हॉलमध्यें वर्ग भरूं लागले. मधल्या काळांत मूळ रकमेवर व्याज चढून ती जवळजवळ दुप्पट झाली होती, एवढाच काय तो विलंबाचा लाभ. सरकारी मंजुरीची वाट पाहणाऱ्या आजकालच्या संस्थाचालकांस ही हकीकत वाचून थोडा धीर येईल असें आम्हांस वाटतें. याच बीजांतून पुढें एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन व एल्फिन्स्टन कॉलेज हीं निघालीं.

ही चाल पुढेंही टिकली. सर एडवर्ड वेस्ट हे मुंबईचे मुख्य न्यायाधीश १८२८ सालीं वारले, तेव्हां लोकांनीं त्यांच्या नांवें विद्यार्थ्यांस शिष्यवृत्ति ठेवल्या. गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांच्या नांवेंही शिष्यवृत्ति निघाल्या. दादाभाई नवरोजी नांवाच्या एका पारशी मुलास क्लेअर शिष्यवृत्ति मिळाली होती. हा मुलगा चार वर्षांचा असतांनाच त्याचे वडील वारले होते. आई गरीब, फी भरावी लागती तर मुलाचें शिक्षण तेथेंच खुंटलें असतें. परंतु सोसायटीच्या शाळेंत त्या वेळीं फी नव्हती. सरकारची मदत व दात्यांची वर्गणी यांवर तो मुलगा शिकला, पुढें त्याच एल्फिन्स्टनमध्यें गणिताचा प्रोफेसर झाला, आणि १८९२ सालीं विलायतच्या पार्लमेंटांत निवडून गेला. आपल्या शिक्षणाचा खर्च लोकांनीं केला, तेव्हां आपली सेवाही लोकांची आहे, ही जाणीव दादाभाईंनीं जन्मभर बाळगली. नानांच्या पिढीनें दिलेल्या रुपयांचा हिशेब कोणास मांडावयाचा असल्यास त्यानें या एका नांवापासून आरंभ करावा.

सन १८४० मध्यें मोठा फेरबदल झाला. सरकारनें सोसायटीच्या शाळा, एल्फिन्स्टनचे वर्ग व आपल्या स्वतःच्या शाळा एकत्र करून त्या सर्वांवर बोर्ड ऑफ एज्युकेशन नांवाचें मंडळ नेमलें. अध्यक्ष व तीन सभासद सरकारनें निवडावे, आणि तीन एतद्देशीय सभासद सोसायटीनें निवडून द्यावे, अशी योजना होती. सोसायटीनें जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी व महमद इब्राहीम मकबा यांस निवडलें. एक हिंदु, एक पारशी व एक मुसलमान. नाना या मंडळावर शेवटपर्यंत राहिले.

ही घटना वरवर पाहतां साधी दिसते. परंतु तींत मोठी मेख होती. आतांपर्यंत शाळा लोकांच्या होत्या व सरकार मदत करीत होतें. आतां शाळा सरकारच्या झाल्या व लोकांचे तीन प्रतिनिधि मंडळांत बसूं लागले. ज्याच्या हातीं थैली त्याच्या हातीं छडी, हा जगाचा न्याय आहे. या तीन सभासदांनीं केवळ मान डोलवावयाची, कीं आपलें मत मांडावयाचें, हें पुढल्या कांहीं वर्षांत ठरावयाचें होतें.

तो प्रसंग आला सर अर्स्किन पेरी मंडळाचे अध्यक्ष झाल्यावर. पेरीसाहेब न्यायाधीश होते, विद्वान् होते, आणि मुंबईच्या तरुणांवर त्यांची खरोखर माया होती. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें होतें कीं, मंडळाजवळ पैसा तुटपुंजा. वर्षाच्या लाख-सव्वालाखांत एवढ्या मोठ्या इलाख्यांतील सर्व मुलांस शिकविणें अशक्य. तेव्हां वरच्या वर्गांतील थोड्या मुलांस इंग्रजीच्या द्वारें उत्तम शिक्षण द्यावें. त्यांच्याकडून तें हळूहळू खालीं झिरपेल. पेरींची बाजू अगदींच पोकळ नव्हती हेंही सांगितलें पाहिजे. मराठींत वरच्या इयत्तांचीं पुस्तकें थोडीं होतीं, आणि खुद्द आईबापच मुलांस इंग्रजी शिकवा म्हणून मागें लागत, कारण कचेरींतील नोकरी इंग्रजीवर मिळे. आईबापांची ही हौस अद्यापि ओसरलेली नाहीं, हें आम्ही निराळें सांगावयास नको.

नानांनीं या मताविरुद्ध १८४७ सालीं आपलें लेखी मत मंडळापुढें ठेविलें. त्यांचा मुद्दा असा कीं, इंग्रजी शिकून पारंगत होणारे नेहमीं थोडेच असणार. बाकीच्यांस चार वाक्यें येतील, त्यांवर कारकुनी मिळेल, आणि ज्ञान म्हणून जें कांहीं आहे तें त्यांच्यापर्यंत पोंचणारच नाहीं. साऱ्या प्रजेस शहाणें करावयाचें तर पश्चिमेकडील शास्त्रें मराठी व गुजराथी भाषांत आणलीं पाहिजेत. आणि या भाषांस शब्द अपुरे पडतील तेथें संस्कृताचें भांडार हाताशीं आहे. इंग्रजीस त्यांचा विरोध नव्हता. ते स्वतः उत्तम इंग्रजी जाणत, आणि इंग्रजी वर्गांसाठीं त्यांच्याइतका पैसा व वेळ फार थोड्यांनीं दिला असेल. इंग्रजी विषय म्हणून अवश्य शिकावा, परंतु सर्व ज्ञानाचा एकच दरवाजा म्हणून तिला उभें करूं नये, एवढेंच त्यांचें मागणें होतें.

येथें एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. तिघेही एतद्देशीय सभासद एका बाजूस झाले, आणि त्यांच्या बरोबर एक इंग्रज उभा राहिला. ते म्हणजे कर्नल जर्व्हिस. पंचवीस वर्षांपूर्वीं मराठींतून गणित शिकविण्याची व्यवस्था करणारे तेच कॅप्टन जर्व्हिस. दुसऱ्या बाजूस अध्यक्ष पेरी व त्यांच्या मताचे युरोपियन सभासद. मंडळांत एकमत होईना, म्हणून प्रकरण सरकारकडे गेलें. सरकारनें १८४८ सालीं जो निर्णय दिला त्यांत सामान्य शिक्षणासाठीं मातृभाषेचा पुरस्कार होता, आणि उच्च शिक्षणासाठीं इंग्रजीचें स्थान कायम होतें. निकाल असा होता कीं, दोन्ही पक्षांस आपलीच सरशी झाली असें म्हणावयास जागा राहिली. पेरीसाहेबांनीं आपली जागा सोडीपर्यंत व्यवहारांत आपलेंच धोरण पुष्कळसें चालविलें. पण मराठी शाळांचा पाया त्यामुळें उखडला गेला नाहीं. तिघांनीं त्या दिवशीं मौन धरलें असतें, तर काय झालें असतें हें ज्यानें त्यानें मनाशीं ठरवावें.

या भांडणाचा शेवट आम्हांस भांडणापेक्षांही मोठा वाटतो. पेरी १८५२ सालीं विलायतेस परत जाण्यास निघाले, तेव्हां त्यांच्या गौरवासाठीं जी मंडळी पुढें झाली तींत नाना अग्रभागीं होते. लोकांनीं वर्गणी जमविली व सरकारच्या साह्यानें पेरींच्या नांवें कायदेशास्त्राच्या अध्यापकाची जागा निर्माण झाली. मुंबईंत १८५५ सालीं कायद्याचे वर्ग सुरू झाले त्याचें मूळ येथें आहे. मतभेद मतापुरता ठेवून माणसाची योग्यता मान्य करणें ही रीति नानांस साधली होती.

सरकार व दाते यांची जोड कशी जमे याचा आणखी एक नमुना वैद्यकशाळेचा आहे. देशी मुलांस पाश्चात्त्य वैद्यक शिकविण्याची कल्पना गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांची. ते १८३८ सालीं वारले. त्यांच्या स्मरणार्थ कॉलेज बांधण्याचें ठरलें, तेव्हां अर्धा खर्च लोकांच्या वर्गणींतून व अर्धा सरकारांतून झाला. शेजारच्या इस्पितळासाठीं जमशेटजी जिजीभाई यांनीं एक लाख रुपये देऊं केले, पण तितकीच रक्कम सरकारनें घातली पाहिजे अशी अट घातली. दात्यानें सरकारास अट घालावी ही हिंमत पाहण्यासारखी आहे. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं उघडलें, आणि १८५१ सालीं पहिली तुकडी परीक्षा देऊन बाहेर पडली. तींत भाऊ दाजी लाड होते. प्रेतास हात लावणें ही त्या काळच्या हिंदु घरांत केवढी अवघड गोष्ट होती हें लक्षांत घेतलें म्हणजे अशा मुलांच्या पाठीशीं समाजांतील वजनदार माणसें उभीं असण्याचें महत्त्व कळतें. नानांसारख्या जुन्या वळणाच्या, धर्मनिष्ठ शेटाचा आधार हाच येथें पैशाहून मोलाचा होता.

मुलींच्या शाळांची गोष्ट याहूनही अवघड. मुंबईंत अमेरिकन मिशननें १८२४ सालींच मुलींसाठीं शाळा काढली होती. परंतु उच्चवर्णीय हिंदु घरें तिच्यापासून दूर राहिलीं. धर्मांतराच्या प्रश्नावर नाना व मिशनरी यांचें कधीं जुळलें नाहीं, हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु मुलींनीं शिकावें याविषयीं नानांस शंका नव्हती. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनीं १८४८ सालीं स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापिली, आणि पुढल्याच वर्षीं या तरुणांनीं मुलींचे वर्ग उघडले. दादाभाई त्यांच्यांतच होते. शिकविणारे तरुण पगार घेत नसत. आरंभीं मुलींची संख्या शंभराच्याही आंत होती. सरकारी तिजोरींतून या वर्गांस कांहीं मिळत नव्हतें. पारशी मुलींच्या वर्गांस कामा घराण्यानें पैसा पुरविला. मराठी मुलींच्या शाळेस जागा कोण देणार? भाड्यानें देण्यासही कोणी धजेना, कारण मुलगी शिकली कीं विधवा होते असा समज घरोघर होता. नानांनीं आपल्या स्वतःच्या आवारांतील जागा दिली. शंकरशेटांच्या वाड्यांत जी गोष्ट होते ती अधर्माची कशी म्हणावी, असा पेंच त्यामुळें टीकाकारांस पडला! ती शाळा पुढें नानांच्याच नांवानें ओळखली गेली. पुण्यास जोतीराव फुले यांनीं १८४८ सालीं मुलींची शाळा काढली होती, आणि १८५२ सालीं सरकारनें त्यांचा जाहीर सत्कार केला. तेथें जोतीरावांजवळ ना वाडा होता ना थैली, हें मनांत आणलें म्हणजे दोन्ही शहरांतील प्रयत्नांची किंमत नीट कळते.

विलायतेहून १८५४ सालीं सर चार्ल्स वुड यांचा प्रसिद्ध खलिता आला. खालच्या शाळांत मातृभाषा, वरच्या शाळांत इंग्रजी, आणि ज्या खाजगी शाळा चांगलें शिक्षण देतील त्यांस धर्माचा भेद न पाहतां सरकारी ग्रँट, अशीं त्याचीं मुख्य कलमें होतीं. आजच्या ग्रँटीची वंशावळ येथवर जाऊन पोंचते. मिशनच्या शाळांस सरकारी मदतीचें दार उघडलें तें याच कलमानें. मुंबईस मात्र या खलित्यांत नवें असें फार थोडें होतें. दोन थैल्या जोडण्याचा उद्योग तेथें तीस वर्षें चाललाच होता. दुसऱ्या वर्षीं मंडळ मोडून सरकारी शिक्षणखातें आलें. १८ जुलै १८५७ रोजीं मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला, आणि त्याच्या पहिल्या फेलोंच्या यादींत नानांचें नांव होतें. दैवाचा खेळ असा कीं, याच विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून थोड्याच वर्षांत मराठी वगळली गेली, आणि तिला परत आणण्यासाठीं न्यायमूर्ति रानडे यांस आयुष्याच्या अखेरीपर्यंत खटपट करावी लागली. नानांनीं १८४७ सालीं मांडलेला वाद त्यांच्या मागेंही संपला नव्हता.

नानांच्या इतर उद्योगांची नुसती नोंद करावयाची तरी पान पुरणार नाहीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास जी पहिली आगगाडी गेली ती काढणाऱ्या खटपटींत ते आरंभापासून होते. १८५२ सालच्या बाँबे असोसिएशनचे ते एक आधारस्तंभ. १८६२ सालीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत त्यांची नेमणूक झाली. हीं कामें इतिहासाच्या पुस्तकांत आहेत, तीं तेथें वाचावीं.

त्यांच्या अखेरच्या वर्षांत मुंबईंत पैशाचा पूर आला होता. अमेरिकेंतील यादवीमुळें तेथील कापूस बंद पडला व मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. त्या पुरांत विद्येच्या वांट्यासही बरेंच आलें. कावसजी जहांगीर रेडीमनी यांनीं विद्यापीठाच्या सभागृहासाठीं एक लाख रुपये दिले, आणि प्रेमचंद रायचंद यांनीं १८६४ सालीं ग्रंथालयासाठीं दोन लाख व घड्याळाच्या मनोऱ्यासाठीं आणखी दोन लाख दिले. तोच राजाबाई टॉवर. पुढें १ जुलै १८६५ रोजीं सट्ट्याच्या देण्याघेण्याचा दिवस आला आणि मोठमोठ्या पेढ्या कोसळल्या. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस नाना वारले. ते बासष्ट वर्षांचे होते. लाखांच्या देणग्या देणारे त्यांच्या आधीं झाले व त्यांच्या मागून झाले. देणगी दिल्यावर चाळीस वर्षें त्या पैशाच्या बैठकीस हजर राहून, हा पैसा कोणत्या मुलांसाठीं व कोणत्या भाषेंत खर्च व्हावा यासाठीं वाद घालणारे मात्र विरळाच.

त्यांचा संगमरवरी पुतळा मुंबईच्या टाऊन हॉलमध्यें उभा राहिला. परंतु महाराष्ट्रांतील विद्यार्थ्यांच्या घरांत त्यांचें नांव पोंचलें तें पुतळ्यामुळें नव्हे. मॅट्रिकच्या परीक्षेंत संस्कृतांत पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यांसाठीं त्यांच्या नांवें शिष्यवृत्ति ठेवण्यांत आली होती. निकालाच्या दिवशीं ती कोणास मिळाली याची चौकशी मराठी घरांतून पिढ्यान् पिढ्या होत असे. आमच्या पालकवर्गांतील वडीलधाऱ्यांस तिची आठवण असेल. सन १९१२ सालीं ती महाडजवळच्या नातें गांवीं जन्मलेल्या चिंतामण द्वारकानाथ देशमुख या मुलास मिळाली. हा मुलगा पुढें रिझर्व्ह बँकेचा पहिला हिंदी गव्हर्नर झाला, नंतर स्वतंत्र भारताचा अर्थमंत्री झाला; आणि १९५६ सालीं त्याच्याकडे विद्यापीठ अनुदान मंडळाचें अध्यक्षपद आलें. देशांतील विद्यापीठांस सरकारी ग्रँटीची वांटणी करण्याचें काम त्या मंडळाकडे होतें.